अर्ध्या खुर्च्यांचं घराणं

गल्लीत तिला रंधाकाकू म्हणत. सुतारांच्या घरात दिली होती म्हणून नव्हे, तिची जीभच तशी होती. समोरच्याच्या अंगावरून एकदा फिरली की पातळ ढलपी निघायची, आणि माणूस गुळगुळीत होऊन आपल्या घरी जायचा.

घर म्हणजे पुढे पत्र्याची लांब शेड आणि मागे राहत्या खोल्या. दोन्हींच्या मधे एक दार, शेडमधून रस्त्यावर निघायला दुसरं. त्या रस्त्याकडच्या दाराला कडी नव्हती. ती बसवायची काकूच्या लग्नाआधीपासून राहून गेली होती. भोकं पाडून तयार होती, स्क्रू कुठल्याशा डब्यात होते, कडीसुद्धा घरातच कुठेतरी होती. बसवायला तेवढा माणूस नव्हता.

लग्न होऊन आली त्या सकाळी काकू शेडमधे चहा घेऊन गेली आणि टेकायला खुर्ची शोधू लागली. डोळ्यांसमोर खुर्च्यांचा बाजार भरलेला. पण एकीला पाठ नाही, एकीला दोनच पाय, एकीचे हात बसवलेत तर खाली बूडच नाही. खुर्च्यांच्या घरात बसायला खुर्ची नव्हती. सासरा पायांचा माणूस. पाय असे घडवायचा की कुणीही बघत राहावं, पण तिसऱ्या पायाशी आला की त्याला अचानक विहिरीचा रहाट आठवायचा. थोरले, म्हणजे काकूचा नवरा, सांध्यांत हुशार. लाकडाची जीभ, म्हणजे कुसू, भोकात अशी बसवतील की मधे सुई जाणार नाही. तीन सांधे झाले की उठले, चौथ्याच्या वेळी कुठल्या तरी मित्राची सायकल उलटी करून बसलेले सापडायचे. धाकटा दीर वेताचं विणकाम करी. अर्धी चौकट विणली की वेताचं दुसरंच काहीतरी करायला घेई, पिंजरा म्हणा, टोपी म्हणा. गिऱ्हाईक यायचं, चार शिव्या घालायचं आणि दिलेली उचल मागून निघून जायचं. बाप्यांना त्याचं वाईटही वाटायचं नाही. वाईट वाटायलासुद्धा माणसाला जरा वेळ एका जागी थांबावं लागतं.

काकूने दोन महिने बघितलं. मग एक दिवस तुळईला ओळीने लोखंडी हूक ठोकले.

"कंटाळा आला की खुर्ची टाकायची नाही," तिने तिघांना सांगितलं. "इथं टांगायची. ज्याचे हात मोकळे असतील त्याने उतरवायची."

एवढ्याने भागलं नसतं. ती मग थोरल्यांच्या कानाशी लागायची, "भावजी म्हणत होते, हे सांधे तुम्हाला जमायचे नाहीत." आणि दिराला म्हणायची, "तुमचे दादा म्हणतात, वेताला आता तुमची नजर पुरत नाही." की दोघे उड्या मारत हुकाशी. अशी खुर्ची या हातातून त्या हातात फिरत फिरत शेवटी काकूपुढे यायची. घासायची, पुट्टी भरायची, पॉलिशचे हात मारायचे, पाय डुगडुगतोय का बघून पाचर मारायची. हे कंटाळवाणं काम सगळं तिचं. खुर्च्या पुऱ्या होऊ लागल्या. गिऱ्हाईक टिकलं.

पुढे कुणा रंगाऱ्याने पाटी रंगवून दिली, ‘चार हातांची खुर्ची’. गिऱ्हाइकं कौतुक करू लागली. थोरले मान किंचित वर करून सांगू लागले, "आमच्या घराण्याची पद्धत आहे ही. एक खुर्ची, चार हात. प्रत्येकाचा गुण उतरतो." वर्षं गेली तसा त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. खोटं बोलणारा निदान खरं काय ते लक्षात तरी ठेवतो. हे लोक तेही विसरले.

काकूचा मुलगा मोठा झाला. त्याला घरात चिरंजीव म्हणत, आणि काकू तो शब्द अशा सुरात उच्चारी की ऐकणाऱ्याला हसू यावं. सासरा गेल्यावर त्याची जागा याने घेतली: पाय करायचे, तिसऱ्याशी उठायचं. त्याला बायको मात्र उजवी मिळाली. सूनबाई शांत, डोक्याने थंड. आल्या आल्या काकूच्या शेजारी पाट टाकून पॉलिश पेपर हातात घेतला आणि पहिली खुर्ची पुरी करूनच उठली. काकूने त्या दिवशी मनात म्हटलं, सुटले. तिच्या बोटांची पेरं तेव्हाच दुखायला लागली होती.

मग नात झाली. आठव्या महिन्यातच झाली. एवढीशी, कातडी सुरकुतलेली, रडणं मांजराच्या पिल्लासारखं. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली होती. वाचली, वाढली, आणि पायावर उभी राहिली ती पळतच. काकूने तिचं नाव भिंगरी ठेवलं. शाळेच्या वहीत एक ओळ अक्षर मोत्यासारखं, दुसऱ्या ओळीत एक बेडूक, तिसरी ओळ नाहीच. चप्पल एक घरात, एक शाळेत. जेवायच्या खोलीत तिची एक खुर्ची ठरलेली होती. तिच्यावर ती बसायची नाही. गुडघे टेकायची, उलटी लोंबकळायची, पाठीवरून सरकायची आणि तोंडातलं च्युइंगम बुडाखाली चिकटवायची. खाली च्युइंगमचं एक गावच वसलं होतं. काकूने दोनदा खरवडलं, मग नाद सोडला.

बाईंनी शाळेत बोलावून सांगितलं, मुलीला मुलांच्या डॉक्टरला दाखवा, तिचं लक्ष टिकत नाही, हा आळस वाटत नाही. झालं. घरात खल सुरू झाला.

खल करायला नणंद आली. थोरल्यांची बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. भावाच्या घरात काय चुकतंय याची तिला वास येण्याआधीच खबर लागायची. डॉक्टरकडे जायला तीही निघाली. थोरले निघाले, धाकटे निघाले. एका पोरीला दाखवायला आख्खी वरात.

डॉक्टर तरुण बाई होती. आवाज न चढवता बोलायची, आणि उत्तर येईपर्यंत खरंच थांबायची. तिने जन्माचं विचारलं. सूनबाई सांगू लागली, तोवर नणंदेने तोंड घातलं.

"अहो, हिने नववा महिना लागूच दिला नाही! एवढी कसली घाई होती हिला! आणि दिवस असताना बसायची कुठे, तर त्या पॉलिशच्या वासात."

"घरात कुणी ओढतं का?" डॉक्टरने विचारलं.

"ही नाही ओढत," काकू म्हणाली. "हिच्या नाकासमोर तिघं ओढत होते. गरोदर बाईसमोर ओढू नये असं सांगितलं, तर तिघंही खिडकीकडे तोंड करून ओढायला लागले. धूर आपला आतच."

"मुलीच्या वडिलांचं लहानपण कसं होतं?"

"हुशार!" थोरले म्हणाले. "फार हुशार. आमच्या घराण्यात असलं काही नाही बरं का डॉक्टर. कुणाचंच नाही." आणि हे म्हणताना त्यांनी डॉक्टरच्या टेबलाच्या खणाची मूठ फिरवून फिरवून काढून हातात घेतली होती. चिरंजीव तोवर दोनदा बाहेर जाऊन आले होते. धाकटे गुडघ्यावर बसून पेशंटच्या बाकाखाली वाकून बघत होते, कारण तो किंचित कुरकुरत होता. डॉक्टर त्यांच्याकडे बघत होती. काकूने तिची नजर पकडली.

शेवटी डॉक्टरने सरळ सांगितलं. वेळेआधी जन्म, कमी वजन, यांनी शक्यता वाढते. घरातला धूरही विचारात घ्यावा लागतो. पण सगळ्यात जास्त हे रक्तातून येतं, आणि कुठल्याही एका गोष्टीकडे बोट दाखवून ‘हिच्यामुळेच’ असं म्हणता येत नाही. आठव्या महिन्यात जन्मलेली कितीतरी मुलं व्यवस्थित एका जागी बसतात. काम लहान लहान तुकड्यांत द्या, मधे उठू द्या, रागावून काही होणार नाही. दर महिन्याला घेऊन या, पुढचं बघू.

एवढं सगळं बोलणं झालं, आणि नणंदेच्या कानात त्यातले दोनच शब्द शिरले: वेळेआधी जन्म.

त्या संध्याकाळी शेडमधे बैठक बसली. बसली म्हणायचं एवढंच. थोरले येरझाऱ्या घालत होते.

"डॉक्टरच म्हणाली ना," नणंद म्हणाली, "आईच्या पोटातच गडबड झाली. आता एकच उपाय. ती शिस्तीची निवासी शाळा आहे ना, तिथे घाला. मुली रांगेत उठतात, रांगेत जेवतात. चार वर्षांत सरळ होईल."

"ठरलं," थोरले म्हणाले. "पुढच्या महिन्यात पाठवायची."

चिरंजीवांनी मान हलवली. ते कशालाही हलवत.

सूनबाई पॉलिश पेपर खाली ठेवून उठली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द नाही. "तिला एकटीला काढून द्यायची असेल तर मीही जाते. माझ्या आईकडे राहीन, तिला तिथल्या शाळेत घालीन. मग खुशाल म्हणा माझ्यामुळे झालं."

"बघा! जीभ बघा!" नणंद म्हणाली.

काकू सुनेकडे बघत होती. तिला पान्हा फुटला होता असं कुणी समजू नये. तिला आपली बोटं दिसत होती, ढोलासारखी सुजलेली, सकाळी डब्याचं झाकण न निघणारी. सून गेली तर शेवटचा हात कोण मारणार? हे तिघं? सहा महिन्यांत शेड पुन्हा लंगड्या खुर्च्यांनी भरली असती. आणि नात गेली तर या घरात तोंडावर खरं बोलणारं दुसरं कोणी उरलं नसतं, तेही होतंच.

"वन्सं," काकू म्हणाली, "तुमचा हा भाचा माझ्या पोटात पुरे दिवस राहिला. भोपळ्यासारखा जन्मला होता, सुईणीने दोन्ही हातांनी उचलला. मग ह्याला काय झालं?"

"त्याला काय झालंय?"

"तिसरा पाय दाखवा ह्याने केलेला."

"वहिनी, ती आपली पद्धत आहे," धाकटे दुखावून म्हणाले. "चार हातांची."

"पद्धत!" काकू हसली. शेडमधे ते हसणं पत्र्यावर खडे पडावेत तसं वाजलं. "बरं, पद्धत तर पद्धत. मग एक करू. आठवडाभर हूक बंद. तिघांनी प्रत्येकी एक खुर्ची घ्यायची. ओंडक्यापासून पॉलिशपर्यंत एकट्याने. तिघांतला एक जरी पुरी करून दाखवेल, तर पोरीला पाठवा, मी ट्रंक भरून देते. नाहीतर पोर इथेच राहील, आणि आठवा महिना हा शब्द या घरात पुन्हा कुणी काढायचा नाही."

"हात्तिच्या!" थोरले म्हणाले. "एक खुर्ची? अगं, जन्म गेला खुर्च्यांत."

"म्हणूनच म्हणते."

सूनबाईने सासूकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, आई, तुम्ही माझी पोर पैजेवर लावलीत. काकूने तिकडे दुर्लक्ष केलं. तिला आपल्या माणसांची खात्री होती. चाळीस वर्षं ती याच खात्रीच्या जोरावर पॉलिश करत आली होती.

पहिल्या दिवशी शेडमधे अशी करवत चालली की जणू लढाईची तयारी. तिघंही शिट्ट्या वाजवत. चिरंजीवांनी संध्याकाळपर्यंत दोन पाय असे काढले की काकूलासुद्धा हात फिरवावासा वाटला. दुसऱ्या दिवशी ते पटाशीला धार लावायला बसले. मग घरातल्या सगळ्या पटाशांना धार लावली, मग विळ्यांना, सुऱ्यांना, मग शेजारणीच्या कात्रीला. त्यानंतर ते शेडमधे दिसले नाहीत.

धाकट्यांनी वेतापासून सुरुवात केली. चौकट नसताना वेत कशावर विणणार हे त्यांच्या लक्षात चौथ्या दिवशी आलं. तोवर एक सुंदर टोपी झाली होती.

थोरले मात्र चिवट निघाले. बहीण रोज येऊन त्यांच्याजवळ पहारा देत बसे. सांधे भरले, पाठ उभी राहिली. सूनबाईला घास जाईना. काकू वरवर बेफिकीर, पण जाता येता तिची नजर शेडकडे जायची. माणूस म्हातारपणी सुधारला तर काय घ्या, असं पहिल्यांदाच तिच्या मनात येऊन गेलं, आणि नवरा सुधारू नये म्हणून देवाला हात जोडावेत का, अशा विचित्र फेऱ्यात ती सापडली.

मग थोरल्यांना सुचलं की खुर्चीचे सांधे दाबून धरायला एक नवाच शिकंजा करता येईल. दिवसभर शिकंजा केला. तो छान झाला, फक्त स्क्रू आणायचा राहिला.

सहाव्या दिवशी भिंगरी जेवायला आली आणि उभीच राहिली.

"आजी, माझी खुर्ची कुठे आहे?"

"बघा आता!" नणंद ताट बाजूला सारून म्हणाली. "पेन्सिल हरवली, डबा हरवला, चप्पल हरवली. आता खुर्चीही हरवली! अगं, खुर्ची म्हणजे काय खोडरबर आहे? हे नव्हे का मी सांगत होते?"

"मी नाही हरवली, आत्याआजी."

"मग काय पाय फुटले तिला?"

"चार होतेच ना," भिंगरी म्हणाली.

चिरंजीव हसले. सूनबाईने पोरीला जवळ ओढलं. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आतापर्यंत तिने इतकं काही हरवलं होतं की हीही आपणच कुठेतरी ठेवली असेल, असं तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं. थोरले आपल्या पेल्यात बघत होते. त्यात ते एवढं काय बघताहेत, हे काकूच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

आठवडा भरला. थोरल्यांनी सगळ्यांना शेडमधे बोलावलं. मधोमध गोणपाट टाकून काहीतरी झाकलेलं. त्यांनी गोणपाट उचललं.

खुर्ची होती. पुरी. चारही पाय, पाठ, विणलेलं बूड, वर ताजं पॉलिश, जरा ओघळलेलं.

"घ्या," थोरले म्हणाले. "एकट्याने. ओंडक्यापासून."

नणंदेने टाळ्या वाजवल्या. "दादा, नाव राखलंस बापाचं!" सूनबाईने डोळे मिटून घेतले. भिंगरी दाराशी होती. तिला अजून सगळं नीट कळलं नव्हतं, एवढं कळलं होतं की ट्रंक निघणार.

काकू उठली. खुर्चीभोवती एक फेरी मारली. पॉलिश बघून नाक मुरडलं. मग पाय डुगडुगतोय का बघायला तिने एका हाताने पाठ धरली आणि दुसरा हात बुडाखालच्या पट्टीवर घातला. जन्माची सवय. हात तिथेच थांबला.

काकूने खुर्ची उचलली आणि उलटी करून सगळ्यांच्या समोर ठेवली.

बुडाखाली च्युइंगमचं गाव होतं तसंच होतं. गुलाबी, पांढरं, काळं पडलेलं. एका गठ्ठ्यावर छोट्या अंगठ्याचा ठसासुद्धा शाबूत होता. थोरल्यांनी वरून घासलं होतं, पॉलिश मारलं होतं. खाली बघायचं त्यांना सुचलं नव्हतं. तेवढं लक्ष टिकलं नव्हतं.

"अहो," काकू अगदी हळू म्हणाली, "चार हातांची खुर्ची म्हणता. हा पाचवा हात कुणाचा?"

"माझी खुर्ची!" भिंगरी ओरडली. "आई, मी नव्हती हरवली!"

थोरले काहीतरी पुटपुटले. शेवटचंच थोडं राहिलं होतं, दमलो होतो, विचार केला की...

"लबाडीचं मला काही नाही," काकू म्हणाली. आता तिच्या आवाजात हसणं नव्हतं. "लबाडी तुम्हाला झेपत नाही, तीसुद्धा अर्धीच करता. पण परवा ती पोर तिथे रडत उभी होती, तुमची बहीण तिला सोलत होती, आणि तुम्हाला खुर्ची कुठे आहे ते माहीत होतं. तुम्ही पेल्यात बघत बसलात. अहो, ती विसरते. तुम्हाला तर आठवत होतं."

थोरले खाली बसायला वळले, आणि त्यांच्या ध्यानात आलं की बसायला फक्त तीच एक खुर्ची आहे, आणि ती उलटी आहे. ते उभेच राहिले.

"वहिनी, म्हणून काय झालं," नणंदेने शेवटचा प्रयत्न केला, "तरी आठव्या महि..."

"वन्सं," काकू म्हणाली, "पैज ऐकायला तुम्ही इथेच होता. पुढचं अक्षर काढू नका. या शिकंज्याला स्क्रू नाही, नाहीतर तुमच्या तोंडाला लावला असता."

नणंद चपला घालून निघाली. तिने दार आपटलं, पण त्याला कडी नसल्यामुळे ते पुन्हा उघडलं, आणि रस्त्याच्या वळणापर्यंत तिची पाठ सगळ्यांना दिसत राहिली.

ट्रंक माळ्यावरच राहिली. डॉक्टरकडे पुढच्या महिन्यात काकू, सूनबाई आणि भिंगरी अशा तिघीच गेल्या. बाप्यांना घरी ठेवलं, कारण खणाची मूठ अजून परत करायची होती आणि ती सापडत नव्हती. भिंगरी एका महिन्यात सरळ झाली असं काही नाही. गणितं आता तीन तीन करून सोडवते, मधे शेडला एक चक्कर मारते, कधी परत येते, कधी तिला हाक मारून आणावं लागतं. ते बघून काकू कपाळाला हात लावते. "तीन पिढ्यांना अशाच हाका मारून आणत आले," ती सुनेला म्हणते, "आता चौथीला. फरक एवढाच की ही निदान मुलगी आहे. कधीतरी पुरं करील."

त्या आठवड्यातले चिरंजीवांचे दोन पाय आणि थोरल्यांची अर्धी खुर्ची बरेच दिवस कोपऱ्यात पडून होती. थोरले त्यांच्याकडे बघायचे नाहीत. मग एका दुपारी त्यांनी आपली खुर्ची उचलली, जराशी चाचपली, आणि कुणाला न सांगता हुकाला टांगली.

काकूने आतून बघितलं. थोडा वेळ जाऊ दिला. मग दाराशी जाऊन ती दिराला म्हणाली, "भावजी, तुमचे दादा म्हणत होते, वेताला आता तुमची नजर पुरत नाही."

धाकट्यांनी टोपी बाजूला फेकली आणि स्टूल ओढलं. सूनबाईने पॉलिशच्या डब्याचं झाकण उघडलं.